घरी नाही

जानेवारी. इथला भर उन्हाळा.
ओहोटीने खाडी मैलभर मागे नेऊन ठेवलीय
आणि चिखलावर खड्डेच खड्डे,
परातीएवढे, घोटाभर खोल,
प्रत्येकात उरलेलं पाणी, पाण्यात आभाळाचा एकेक तुकडा.

मी परिषदेचा फॉर्म प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलाय.
एरुएराकडे चिंध्या बांधलेल्या काठ्या.
पिरिहिराकडे रिकामी बादली
आणि सत्तर वर्षांची पायवाट, जी रोज दोनदा पुसली जाते.

'पाय उचलू नकोस,' ती म्हणते, 'घासत चल.
दार न वाजवता आलेलं पाकटाला खपत नाही.'
तिच्या डाव्या घोट्यावर पांढरा वण आहे.
त्या दिवशी ती घाईत होती.

फॉर्म विचारतो: अधिवास. स्थिती.
आढळलं, आढळलं नाही. एकावर खूण करा.

रात्रीच्या भरतीत ते इथे होतं.
पंख टेकून बसलं, तोंड तळाला लावलं,
फुंकर घालघालून वाळू उडवली,
शिंपल्या दाढेखाली फोडल्या
आणि कवचांची कणी बाजूला टाकून
जेवणाच्या पानावरून उठावं तसं उठून गेलं.
आता त्याच्या पानात
नखाएवढी चपट्या माशाची पिल्लं,
काचेसारख्या कोळंब्या,
आणि एक खेकडा, जो मालकासारखा वागतो.

रस्त्याच्या पलीकडे खड्डे नाहीत.
बांध घातला तेव्हा पाण्यासाठी एक नळ ठेवला होता,
गाड्यांचं वजन मोजलं, पुराचं पाणी मोजलं,
पाकटाच्या पंखांचं माप घ्यायला कुणी आलं नव्हतं.
तिकडचा चिखल इस्त्री केल्यासारखा सपाट.
फोटो तिथलाच छान येतो.

मोजणी:
अलीकडे दोनशे बारा.
पलीकडे तीन, त्यातला एक माझ्या बुटाचा.

एरुएरा मधेच सांगतो, मंगळवारी ओर्का आले होते,
होड्यांच्या मधून काळा कल्ला, माणसाएवढा.
पाकटं पळत पळत इतक्या उथळात शिरली
की पाठ उन्हात आणि पोट पाण्यात.
खारफुटीच्या मुळांत एक त्याच्याकडे बघत होतं,
डोळ्यामागचं भोक उघडत, मिटत.
तो हलला नाही. ओरडलाही नाही.
ओर्काच्या बरोबर पिल्लू होतं,
कुणाची बाजू घ्यावी ते त्याला ठरवता येईना.

मग आम्ही काठावर बसून पाण्याची वाट पाहतो.
पिरिहिरा खिशातून दोरा काढते,
दहा बोटांत अडकवते, ओढते, सोडते.
'हा फाय,' ती म्हणते. दोऱ्याचा खेळ.
'आणि तोही फाय.' पाकट.
'कुणाच्या मागोमाग जाणं, तेही फाय.'
'एकाच शब्दात तिघं?' मी विचारतो.
'अडचण होते, पण राहतात.'
दोऱ्यात मधोमध एक पोकळी उरलेली,
चारी बाजूंनी ताणलेली.
तिने अंगठा काढला, आणि काहीच उरलं नाही.

फॉर्म अजून माझ्या मांडीवर.
आज पाकट एकही दिसलेलं नाही.
खरं सांगायचं तर खूण 'नाही'वर करायला हवी.
पिरिहिरा पेन मागून घेते,
दोन्ही चौकोन तसेच सोडून
कडेच्या कोऱ्या जागेत लिहिते:
घरी नाही. भरतीला येईल.

पाणी येतं ते आवाज न करता,
आधी खड्ड्याखड्ड्यांना जोडणारी एक ओली रेघ,
मग दुसरी, मग आभाळाचे तुकडे एकमेकांना चिकटू लागतात.
दोनशे बाराचा आकडा बुडाला.
एरुएराच्या एका काठीची चिंधी तरंगायला लागली,
आणि तिच्या पलीकडे, वारा नसताना,
पाण्याला एक कोपरा आला,
तपकिरी, किंचित वर,
आणि गेला.

'बघितलंस?' एरुएरा म्हणतो.
बादली अर्धीच भरलीय.
पिरिहिरा पुढे निघालीसुद्धा,
पाय घासत.